ऐंशीच्या काट्यावरची थरथर

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले आठवतात, तह आठवतात, लढाया आठवतात. जुन्या मोटारीच्या पोटाखालचा एक लोखंडी दांडा कुणाला आठवत नाही. मलाही आठवला नसता. मी बी.ए. मराठीचा माणूस. गणितानं मला शाळेतच रजा दिली, आणि मोटारीबद्दल माझं ज्ञान म्हणजे पेट्रोल कुठून घालतात एवढंच. पण आमच्या घरच्या पद्मिनीनं २००४ साली मला असं काही कोड्यात टाकलं, की ते सोडवता सोडवता मी थेट सतराव्या शतकातल्या लंडनला जाऊन पोचलो.

आम्ही मिरजेचे. अब्बांचं लक्ष्मी मार्केटजवळ कापडाचं छोटं दुकान होतं. १९८९ साली त्यांनी १९८२ मॉडेलची, पांढरी, जुनी पद्मिनी घेतली. जुनी असली तरी आमच्या गल्लीत ती नवीच होती. अब्बांनी तिच्यासाठी एक वही केली होती. लांबट, लाल पुठ्ठ्याची, दुकानाच्या खतावणीसारखी. किती किलोमीटरला ऑइल बदललं, कुठला टायर कधी पंक्चर झाला, मजुरी किती दिली, सगळं त्यात. २००१ साली अब्बा गेले आणि गाडी माझ्याकडे आली. वही कपाटात राहिली.

२००४ च्या मार्चमध्ये आपाला भेटायला पुण्याला निघालो. आपा म्हणजे माझी थोरली बहीण. ती आजारी होती आणि अम्मीला तिच्याकडे दोन महिने राहायचं होतं. अम्मीचा हट्ट एकच, जाईन तर अब्बांच्या गाडीनं. सांगली मागे पडली, पेठ नाक्याला हमरस्त्याला लागलो. तो रस्ता नुकता चौपदरी होत आला होता. काळाभोर, गुळगुळीत, समोर कुणी नाही. अशा रस्त्यावर पाय आपोआप जड होतो. काटा सत्तरवर गेला आणि पायाखाली मुंग्या आल्यासारखं झालं. ऐंशीला आरशातलं मागचं जग पुसट झालं, मागच्या सीटवरच्या स्टीलच्या डब्याचं झाकण गाऊ लागलं, आणि अम्मीनं पिशवीतून तसबीह काढली. मी वेग कमी केला. थरथर गेली. पुन्हा वाढवला, पुन्हा आली. शेवटी पुण्यापर्यंत पन्नासनं गेलो. मागून येणारा प्रत्येक ट्रक आम्हाला हॉर्न देऊन जात होता. उतरल्यावर अम्मी म्हणाली, "परत मी एस.टी.नं येईन." धाकट्या भावानं फोनवरच निकाल दिला : गाडी भंगारात द्या.

तेव्हा मला राग आला होता तो गाडीचा नव्हे, अम्मीच्या त्या वाक्याचा. अब्बा असताना ती याच गाडीत बसून झोपायची.

इथं जरा या गाडीचं घराणं सांगतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे तेच हे वालचंद. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन बनावटीच्या गाड्या जुळवल्या जात. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला, आणि पन्नाशीच्या दशकात फियाट ११०० तिथं तयार होऊ लागली. १९६४ मध्ये तिची नवी आवृत्ती आली. १९७४ पासून तिलाच चितोडच्या राणीचं नाव मिळालं, पद्मिनी. नाव बदललं, पण हाडं तीच. १०८९ सीसीचं इंजिन पुढे, ओढणारी चाकं मागे, आणि दोघांना जोडणारा लांब शाफ्ट गाडीच्या पोटाखालून गेलेला.

ही गाडी ज्या रस्त्यांवर वाढली ते रस्ते आठवा. एकच डांबरी पट्टा, समोरून ट्रक आला की दोन चाकं मातीत. बैलगाड्या, उसाचे ट्रॅक्टर, गावागावाला गतिरोधक. अब्बा चाळीस-पन्नासच्या वर कधी गेलेच नाहीत, कारण जाताच येत नसे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. आमच्याकडचा पुणे-कोल्हापूर रस्ता त्याच सुमाराला सुवर्ण चतुष्कोन योजनेत रुंद झाला. म्हणजे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या पाच वर्षांत महाराष्ट्रातल्या हजारो जुन्या गाड्या आयुष्यात पहिल्यांदा ऐंशीनं धावल्या. त्यांच्या अंगात दडलेले दोष नव्या रस्त्यानं बाहेर काढले. रस्ते बांधणाऱ्यांच्या हिशेबात ही गोष्ट कुठं नसेल, पण गॅरेजवाल्यांच्या गल्ल्यात ती नक्की होती.

माझ्याही खिशातून ती गेली. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी नेली. त्यांनी मला एकही प्रश्न न विचारता सांगितलं, टायर. दोन नवे टायर घातले, चारही चाकांचं बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केलं. थरथर होती तशीच. पुन्हा गेलो, तर म्हणाले, उरलेले दोनही बदला. तेही बदलले. मग म्हणाले, जुनी गाडी आहे साहेब, एवढं चालायचंच.

त्यांचं अगदीच चुकलं असंही म्हणणार नाही. दहातल्या बऱ्याच वेळा दोष चाकातच असतो. रिमला पोचा असतो, टायर एका बाजूला झिजलेला असतो, पाचपन्नास ग्रॅमचा फरक असतो. संथ चालताना तो फरक जाणवत नाही. पण फिरत्या वस्तूचा बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट, जोर चौपट. शंभर वर्षांपूर्वी, १९२० च्या दशकात, मऊ आणि जाड 'बलून' टायर आले तेव्हा पुढची चाकं अशी काही डुलू लागली, की तंत्रज्ञांनी त्या दुखण्याला त्या वेळच्या एका अमेरिकन नाचाचं नाव दिलं, 'शिमी'. ते आजही चालतं.

पण माझ्या मनात वेगळाच प्रश्न होता. थरथर सत्तरला सुरू, ऐंशीला भरात, आणि एकदा धीर करून पंचाण्णवला नेली तर चक्क कमी. दोष असेल तर वेगाबरोबर वाढतच जायला हवा ना?

याचं उत्तर मला गॅरेजमध्ये नाही, सतारमेकर गल्लीत मिळालं. मिरजेची तंतुवाद्यं आपल्याला माहीत आहेत. २०२४ साली इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. शस्त्रांना धार लावणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात या कामाकडे वळली. तिथल्या एका ओळखीच्या कारागिराला मी सहज गाडीचं रडगाणं ऐकवलं. तो हसला. त्यानं सतारीच्या एका तरफेच्या तारेवर कागदाचा चिमुकला कपटा घडी करून ठेवला आणि शेजारची दुसरी सतार छेडली. एक सूर, काही नाही. दुसरा सूर, काही नाही. तिसऱ्या सुराला कपटा टुणकन उडाला. "ज्या सुरात तार बांधलीय, तोच सूर आला तरच ती बोलते," तो म्हणाला. "तुमच्या गाडीतली कुठली तरी तार ऐंशीच्या सुराला बांधलीय."

प्रत्येक वस्तूला स्वतःचा एक कंप असतो. त्याच लयीत तिला धक्के मिळाले की थोड्या धक्क्यात ती बेभान होते. १२ एप्रिल १८३१ रोजी इंग्लंडात मँचेस्टरजवळ ब्रॉटनचा झुलता पूल चौऱ्याहत्तर सैनिकांच्या पावलांनी कोसळला. पूल हलतोय हे त्यांच्या लक्षात आलं होतं, पण त्यांना गंमत वाटली आणि ते शीळ वाजवत त्याच ठेक्यात पावलं टाकत राहिले. सुदैवानं कुणी मेलं नाही. तेव्हापासून पुलावर सैन्यानं पावलं मोडून चालायचा रिवाज पडला. फिरणाऱ्या दांड्यांचं गणित मांडलं ते १८६९ मध्ये रँकिन या स्कॉटिश विद्वानानं. प्रत्येक दांड्याला एक घातक वेग असतो, हे त्याचं बरोबर होतं. त्या वेगाच्या पलीकडे दांडा चालवताच येणार नाही, हे मात्र चुकलं. स्वीडनच्या द लावल यानं पुढच्या वीस वर्षांत वाफेच्या टर्बाइनला मुद्दाम बारीक, लवचीक दांडा बसवला आणि तो घातक वेगाच्या कितीतरी पुढे, शांतपणे फिरवून दाखवला. म्हणजे मधला वेग ओलांडला की थरथर ओसरते. ड्रायव्हर मंडळी सांगतात ना, "ऐंशीला थरथरते, नव्वदला सोडा, गप्प बसते"? ते खरं आहे. पण दोष गेलेला नसतो, फक्त सूर सुटलेला असतो. त्या भरवशावर कुणी गाडी दामटू नये.

मग मला उस्ताद भेटले. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. सत्तरीचे, वीसेक वर्षं मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या खाली काढून मिरजेला परतलेले. पत्र्याच्या शेडमध्ये बसायचे. पान्याला हात न लावता त्यांनी आधी मला विचारलं, "मियाँ, थरथर हात में आती की बैठक में?"

हा प्रश्न आधी कुणी विचारलाच नव्हता. मी आठवलं. स्टिअरिंग तर शांत असतं. थरथर पायाखाली आणि सीटमध्ये. उस्तादांनी मान हलवली. हातात येते ती पुढच्या चाकांची. बैठकीत येते ती मागची, नाहीतर मधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रिकाम्या रस्त्यावर गेलो. निघण्याआधी त्यांनी चारही चाकांचे नट स्वतः आवळून पाहिले. अचानक थरथर आली तर पहिला हात तिथं जायला हवा, बाकीचं नंतर. मग ते चप्पल काढून, अनवाणी पाय मॅटखालच्या पत्र्यावर ठेवून शेजारी बसले. ऐंशीला म्हणाले, क्लच दाबा. दाबला. इंजिन खाली आलं, थरथर तशीच. म्हणजे इंजिन सुटलं. मग त्याहून कमी वेगात, जिथं थरथर जेमतेम लागते तिथं, चौथ्या गिअरमधून तिसऱ्यात टाकायला लावलं. इंजिन ओरडू लागलं, पायाखालची मुंगी होती तेवढीच. म्हणजे इंजिन पुन्हा सुटलं. रस्त्याच्या वेगाशी बांधलेलं काहीतरी थरथरत होतं : चाकं, नाहीतर शाफ्ट. शेडमध्ये परतल्यावर पुढची चाकं मागे, मागची पुढे केली आणि पुन्हा फेरी मारली. फरक नाही. चाकं सुटली. टायरचे पैसे गेलेच होते, निदान आता ते का गेले ते कळलं.

उस्ताद म्हणाले, शिवाय ही थरथर बारीक आहे. चाकाची जाडी असते, ही मुंगीसारखी आहे. हे मला घरी येऊन उलगडलं. आमच्या गावात अब्दुल करीम खाँसाहेब राहून गेले, दर्ग्याच्या उरसात त्यांच्या स्मरणार्थ रात्र रात्र गाणं चालतं, त्यामुळे ताल थोडाफार कानात आहे. ऐंशीच्या वेगाला पद्मिनीचं चाक सेकंदाला साधारण बारा फेरे घेतं. हा ठेका. मागच्या आसातल्या दात्यांमुळे शाफ्ट त्याच्या चौपटीहून जरा जास्त, म्हणजे पन्नासेक फेरे घेतो. ही चौगुन. आणि शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस बिघडला, तर तो एका फेऱ्यात दोनदा झटका देतो, सेकंदाला शंभर. ही झाली आठगुन. डब्याचं झाकण गात होतं ते या आठगुनीला.

एका फेऱ्यात दोनदा का? इथं सतरावं शतक येतं. दोन दांडे कोनात जोडायचे आणि फिरणं एकातून दुसऱ्यात पोचवायचं, हा प्रश्न जुना. दोन दुबेळकी आणि मध्ये अधिक चिन्हासारखा तुकडा, ही त्यावरची युक्ती. लंडनच्या रॉबर्ट हूकनं १६७६ साली छापलेल्या पुस्तकात तिचं वर्णन केलं. ती वापरायची होती सूर्याशी संबंधित उपकरणांसाठी. हूकच्या हे लक्षात आलं होतं, की पहिला दांडा एकसारखा फिरला तरी दुसरा एकसारखा फिरत नाही. तो एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे रेंगाळतो. सूर्यघड्याळावरची सावलीही अशीच कमीजास्त वेगानं सरकते, म्हणून त्याला ती खोड कामाची वाटली. पुढे १६८३ च्या सुमाराला त्यानंच औषधही सुचवलं : मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांना दोन सांधे ठेवा आणि ते असे जुळवा, की पहिल्यानं केलेली चूक दुसरा फेडून टाकेल.

मोटारी आल्या तेव्हा बऱ्याच गाड्यांना सायकलसारखी साखळी होती. धूळ खाऊन ती कुरकुरे, तुटे. अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर या तरुणानं १९०३ साली मोटारीसाठी क्रॉसच्या सांध्याचं पेटंट घेतलं आणि साखळीच्या जागी शाफ्ट रुळला. ट्रक, जीप, अॅम्बॅसडर, पद्मिनी, सगळ्यांच्या पोटाखाली हूकचा सांधा आणि हूकचं औषध फिरत राहिलं. फक्त एक अट : दांड्याच्या दोन्ही टोकांची दुबेळकी एका रेषेत हवीत. शाफ्टला मध्ये खाचांचा सरकता सांधा असतो. तो सोडवून परत घालताना दोन खाचा इकडे-तिकडे झाल्या, की दुसरा सांधा पहिल्याची चूक फेडायच्या ऐवजी तीत भर घालतो.

उस्ताद गाडीखाली गेले. कंदिलासारखा दिवा, पाठीखाली पोतं. थोड्या वेळानं मला म्हणाले, खाली या. कवीला गाडीखाली झोपवणारा तो पहिलाच माणूस. दिव्याच्या उजेडात त्यांनी बोट ठेवलं. पुढचं दुबेळकं उभं, तर मागचं तिरकं. खाचांच्या सांध्यावर दोन्ही बाजूंना जुळवायच्या खुणा असतात. त्या खुणा एकमेकींपासून दूर गेल्या होत्या. मधल्या बेअरिंगभोवतीचं रबर एका बाजूनं फाटलं होतं. एका क्रॉसमध्ये हातानं हलवून कळावा एवढा ढिलेपणा होता. "किसीने खोल के उलटा बिठाया," ते म्हणाले. "कब खोला था?"

मला काय माहीत? मग अब्बांची वही आठवली. घरी जाऊन पानं उलटली. १९९८ च्या डिसेंबरात अब्बांच्या बारीक अक्षरात नोंद : क्लच प्लेट नवी, मजुरी. कुठं केली तेही लिहिलं होतं, ते मी इथं सांगत नाही. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवायचा, तर शाफ्ट सोडावाच लागतो. म्हणजे खुणा न बघता तो तेव्हा परत चढवला गेला आणि सव्वापाच वर्षं तसाच फिरत राहिला. अब्बा पन्नासनं जात होते, म्हणून त्यांना कळलं नाही. की थोडं कळलं होतं? सहा महिन्यांनी, जून १९९९ मध्ये एक ओळ आहे : गाडी गुणगुणते, दाखवणे. पुढे काही नाही. त्याच वर्षी त्यांचं दुखणं सुरू झालं.

ती ओळ वाचून मी बराच वेळ कपाटापाशी बसलो होतो.

उस्तादांनी शाफ्ट उतरवला, दोन्ही क्रॉस आणि मधलं बेअरिंग रबरासकट बदललं. जोडताना खडूनं खुणेवर रेघ ओढली आणि मला दाखवूनच सांधा आत ढकलला. तेव्हा मुंबईत हे सुटे भाग अजून सहज मिळत. आता शोधावे लागतात. पद्मिनीचं उत्पादन या शतकाच्या तोंडाशीच बंद पडलं. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ताडदेवच्या आर.टी.ओ.त नोंदवली गेली २९ ऑक्टोबर २००३ रोजी, आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून उतरली. त्याआधीच, डिसेंबर १९८३ मध्ये, मारुती ८०० आली होती. तिची पुढचीच चाकं गाडी ओढतात, पोटाखाली लांब शाफ्ट नाही, आणि चाकाजवळच्या सांध्यात गोळ्या असतात, त्यामुळे हूकची ती खोड राहतच नाही. तंत्र पुढे गेलं हे चांगलंच झालं. पण शाफ्टची दुबेळकी जुळवायची असतात हे ठाऊक नसलेली कारागिरांची एक पिढीही त्याबरोबर आली, आणि ज्यांना ठाऊक होतं ते उस्ताद आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून राहिले. ते आता नाहीत. त्यांच्या मुलानं मोबाइलचं दुकान काढलं आहे.

मे महिन्यात अम्मीला आणायला पुण्याला गेलो. ती एस.टी.वर अडून बसली होती. आपानं समजावलं, मी शपथ घेतली, तेव्हा बसली, तीही तसबीह हातात घेऊनच. खंबाटकीचा घाट संपला, रस्ता मोकळा झाला. मी सत्तरवर गेलो, ऐंशीवर गेलो. डब्याचं झाकण गप्प होतं. सातारा आलं तेव्हा मी आरशात पाहिलं. आरसा स्वच्छ होता आणि त्यात अम्मी मान तिरकी करून झोपली होती.

घरी आल्यावर अब्बांची वही काढली. 'गाडी गुणगुणते, दाखवणे' या ओळीनंतरची पानं कोरीच होती. तिच्याखाली मी लिहिलं : मे २००४. दाखवली. शाफ्ट खुणेवर बसवला, दोन क्रॉस, मधलं बेअरिंग. मजुरी तीनशे.